फायनल शेवटी बघा: कप बघण्याची माझी पद्धत

पहिली सूचना: फुटबॉलचा कप बघायला फायनलपासून सुरुवात करू नका.

फायनलला स्टेडियम भरतंच. ते बघून 'परंपरा जिवंत आहे' म्हणणं सोपं, आणि दोन्ही बाजूंना तेच ते श्रीमंत क्लब बघून 'कप संपला' म्हणणंही तितकंच सोपं. या बाद फेरीच्या देशांतर्गत स्पर्धांचं चाहत्यांना अजून काही वाटतं का, हे खरंच तपासायचं तर सुरुवातीच्या फेऱ्या बघाव्या लागतात, आणि बॉलइतकंच लक्ष स्टँडकडे द्यावं लागतं. आमच्या घरात या विषयावर उघड दोन पक्ष आहेत. भावाच्या मते लीग आणि युरोपातली चॅम्पियन्स लीग सोडून बाकी सगळे सरावाचे सामने. मी कपवाली. पण 'कपची जादू' असा जप करणाऱ्यांतली नाही; काही कप सामने इतके रटाळ असतात की त्यापेक्षा कपड्यांना इस्त्री करणं बरं. म्हणून एक वही ठेवते. सामना कोणता, लाइनअपमध्ये बदल किती, अवे एंड (पाहुण्या चाहत्यांचा स्टँड) भरला का, शेवटच्या पंधरा मिनिटांत लोक बसलेले की उभे. चार रकाने पुरतात.

कोणती फेरी, कोणता सामना

इंग्लंडचा एफए कप धरून चालू, कारण सगळ्यात जुना तो. १८७१-७२ मध्ये १५ क्लबांनी नावं दिली होती; आता सातशेच्या वर क्लब असतात आणि स्पर्धा ऑगस्टमध्येच सुरू होते. प्रीमियर लीग आणि चॅम्पियनशिप या वरच्या दोन पातळ्यांचे मिळून ४४ क्लब मात्र थेट तिसऱ्या फेरीत येतात, जानेवारीच्या सुरुवातीला. खालून झुंजत आलेले २० त्यांना मिळतात आणि ६४ जणांची फेरी होते. नवख्याने इथून बघायला लागावं. तळातून निघालेल्या क्लबाने तोवर आठ फेऱ्या पार केलेल्या असतात, आणि समोरचा क्लब आज पहिल्यांदा कपात उतरत असतो.

आता ३२ पैकी कोणता सामना? मोठं नाव बघून निवडू नका. लहान क्लब घरच्या मैदानावर खेळतोय का, एवढंच बघा. जानेवारी २०२१ मध्ये आठव्या पातळीवरच्या मरीन क्लबकडे टॉटनहॅम आला. मैदानाच्या एका कडेला लोकांच्या घरांची परसदारं. कोविडमुळे प्रेक्षकांना बंदी होती, म्हणून क्लबने आभासी तिकिटं काढली, म्हणजे फक्त क्लबला हातभार म्हणून घ्यायची तिकिटं, आणि ती तीस हजारांवर विकली गेली. मरीन ०-५ ने हरला. माझ्या वहीत तो सामना तरी वरच्या यादीत आहे. आत जाता येणार नाही हे माहीत असून तिकीट काढणाऱ्यांना कपची किंमत वाटत नाही, असं कोण म्हणेल?

घरचं मैदान कुणाला मिळतं, हा नियम प्रत्येक देशात वेगळा आहे आणि तो आधी बघून घ्यावा, कारण निम्मा कप त्या नियमात असतो. इंग्लंडमध्ये चिठ्ठीचा खेळ. भांड्यातून आधी ज्याचा आकडा निघेल त्याचं मैदान. फ्रान्समध्ये दोन पातळ्या खाली असलेल्या क्लबला घरचं मैदान मिळतं. जर्मनी आणि स्पेनमध्येही सुरुवातीच्या फेऱ्यांत झुकतं माप लहानांना. स्पेनने २०१९-२० पासून उपांत्यपूर्व फेरीपर्यंत एकच सामना ठेवला आणि कोपा डेल रेमध्ये पुन्हा धाकधूक आली. २०२१ च्या जानेवारीत तिसऱ्या पातळीवरच्या अल्कोयानोने रेआल माद्रिदला एक्स्ट्रा टाइममध्ये २-१ ने घरी पाठवलं, ते याच नियमामुळे शक्य झालं. दोन सामन्यांची जोडी असती तर रेआलने परतीच्या सामन्यात हिशेब चुकता केला असता.

इटलीत सगळं उलटं. तिथे वरचे आठ क्लब थेट शेवटच्या सोळांत येतात, तेही घरच्या मैदानावर. तळातल्या क्लबना तर प्रवेशच नाही. कोप्पा इटालिया लहानांसाठी नाहीच, असं मी स्पष्ट म्हणते. तिथे खालून येणाऱ्याची वाट बघत बसू नका. तिथली मजा वेगळी आहे, त्यावर पुढे येते.

लाइनअप वाचायची कशी

सामन्याच्या साधारण तासभर आधी लाइनअप येते. मागच्या लीग सामन्याची लाइनअप शेजारी उघडा आणि बदल मोजा. तीन-चार बदल म्हणजे नेहमीची विश्रांती. आठ-दहा बदल म्हणजे मॅनेजरचं डोकं दुसरीकडे आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये लिव्हरपूल असाच बदललेला संघ घेऊन प्लिमथला गेला. प्लिमथ तेव्हा चॅम्पियनशिपच्या तळाला. रायन हार्डीच्या एका पेनल्टीवर लिव्हरपूल बाहेर.

इथे बहुतेक जण घसरतात. मॅनेजरने दुय्यम संघ उतरवला म्हणून चाहत्यांनाही कप नको झालाय, असा निष्कर्ष काढतात. हे दोन हिशेब एका खात्यात टाकू नका. मॅनेजरची नोकरी लीगच्या टेबलावर ठरते. चाहत्याला नोकरी टिकवायची नसते. फेब्रुवारी २०२० मध्ये लिव्हरपूलचा श्रूजबरीशी रीप्ले होता, म्हणजे पहिला सामना बरोबरीत सुटला म्हणून पुन्हा खेळायचा सामना. मॅनेजर क्लॉपने आपल्या खेळाडूंना हिवाळी सुट्टी दिली, स्वतःही आला नाही, आणि २३ वर्षांखालच्या संघाच्या प्रशिक्षकाला, नील क्रिचलीला, पोरं घेऊन उतरवलं. तरी अ‍ॅनफिल्डवर पन्नास हजारांवर लोक आले. तिकीट स्वस्त होतं, हे खरं. पण स्वस्त तिकिटासाठी माणूस मंगळवारच्या रात्री थंडीत घराबाहेर पडत नाही. पोरांनी १-० ने सामना काढला.

लाइनअपपेक्षा बेंच (राखीव खेळाडू) जास्त बोलतो. मुख्य खेळाडू बेंचवरही नसतील तर समजा, क्लबने कप सोडून दिलाय. ते बेंचवर असतील आणि बरोबरी असताना साठाव्या मिनिटाला ट्रॅकसूट काढून धावायला लागले, तर मॅनेजर कितीही बेफिकिरी दाखवो, त्याला हरायचं नाही.

स्टँड वाचायचे कसे

सगळ्यात खरा पुरावा इथे मिळतो. एक तर इंग्लंडमध्ये बहुतेक क्लबांच्या सीझन तिकिटात कपचे सामने धरलेले नसतात. म्हणजे कपला आलेला माणूस वेगळे पैसे मोजून आलेला. लीगच्या सामन्यात 'तिकीट आहेच तर जाऊ' म्हणून येणारे असतात, इथे तसे कमी. दुसरं, एफए कपमध्ये पाहुण्या क्लबला स्टेडियमच्या १५ टक्क्यांपर्यंत जागा मागता येतात, लीगपेक्षा कितीतरी जास्त. त्यामुळे अवे एंड मोठा असतो आणि तो भरला की रिकामा, हे लगेच कळतं. कॅमेरा कॉर्नरकडे वळला की तिकडे बघा.

काय दिसतं? खालच्या क्लबांचे अवे एंड ओसंडून वाहतात. चॅम्पियनशिपमध्ये अडकलेल्या जुन्या मोठ्या क्लबांचेही. आणि प्रीमियर लीगच्या मधल्या फळीतले दोन क्लब एकमेकांशी भिडले की वरच्या मजल्यावर खुर्च्या दिसतात. दोघांनाही ना रेलिगेशनची (खालच्या लीगमध्ये घसरण्याची) भीती ना युरोपातल्या स्पर्धांची आशा, म्हणजे कप जिंकायला याहून चांगली वेळ नाही, आणि तिथेच उत्साह सगळ्यात कमी. याचं कारण मला आजही पटेल असं कुणी सांगितलेलं नाही. असे सामने मी वगळते, तुम्हीही वगळा.

रीप्लेचं दुखणं

२०२४-२५ पासून एफए कपच्या मुख्य फेऱ्यांतले रीप्ले बंद झाले. बरोबरी झाली की त्याच दिवशी एक्स्ट्रा टाइम, मग पेनल्टी. वेळापत्रकात जागा नाही, हे कारण. यात लहानांचं काय गेलं ते बघायचं असेल तर जानेवारी २०२५ चा टॅमवर्थ–टॉटनहॅम सामना शोधून बघा. टॅमवर्थ पाचव्या पातळीवरचा. गोलकीपर जस सिंग दिवसा सर्वेअरचं काम करणारा. नव्वद मिनिटं ०-०. एक वर्ष आधी असतं तर टॅमवर्थ आनंदाने नाचला असता, कारण रीप्ले टॉटनहॅमच्या साठ हजारांच्या स्टेडियमवर झाला असता आणि तिकिटांच्या उत्पन्नातला वाटा मिळाला असता. त्याऐवजी टॉटनहॅमने सोन आणि कुलुसेव्हस्कीला बेंचवरून उतरवलं आणि एक्स्ट्रा टाइममध्ये ३-० केलं.

भाऊ म्हणतो, रीप्लेत तसंही मोठाच जिंकायचा. बरेचदा जिंकायचाही. पण १९७२ मध्ये लहानग्या हेरफर्डने न्यूकॅसलला चिखलात २-१ ने हरवलं, रॉनी रॅडफर्डने लांबून तो गोल मारला आणि पोरं मैदानात धावत आली, तो रीप्लेच होता. न्यूकॅसलमधला आधीचा सामना २-२ सुटला म्हणून तो दिवस आला. कपचं मोल कमी झालं म्हणून चाहत्यांना बोल लावण्याआधी नियम कुणी बदलले ते बघा. १९९९-२००० मध्ये गतविजेता मँचेस्टर युनायटेड एफए कपात उतरलाच नाही, ब्राझीलला क्लबांच्या जागतिक स्पर्धेला गेला. तोही निर्णय स्टँडमधल्या कुणी घेतला नव्हता.

वाट किती वर्षांची, ते पाहून ठेवा

उपांत्य फेरीपासून पद्धत बदला. आता बदल आणि बेंच मोजू नका. प्रत्येक क्लबच्या नावापुढे शेवटचा कप कधी जिंकला ते लिहा. ज्याचं जळतं त्याला कळतं, आणि कपचं मोल त्या आकड्यावरून चढतं-उतरतं.

दरवर्षी एखादा कप घेणाऱ्याला विचाराल तर तो खांदे उडवेल. क्रिस्टल पॅलेसवाल्याला विचारा. २०२५ मध्ये एझेच्या एका गोलवर मँचेस्टर सिटीला हरवून त्यांनी क्लबच्या इतिहासातली पहिली मोठी ट्रॉफी घेतली. त्याच वर्षी न्यूकॅसलने लीग कप घेतला, म्हणजे दोन कपांतला 'धाकटा', ज्याला नाकं मुरडण्याची फॅशन आहे. १९५५ नंतरचा देशातला पहिला चषक. मिरवणुकीला अख्खं शहर रस्त्यावर होतं. त्याच्या दीड वर्ष आधी हेच चाहते चॅम्पियन्स लीगचे सामने बघून आले होते, हे भावाला मी मुद्दाम ऐकवते.

इटलीची मजा म्हणाले ती हीच. २०२५ मध्ये बोलोन्याने मिलानला १-० ने हरवून १९७४ नंतर पहिल्यांदा कप उचलला. स्कॉटलंडमध्ये हिबर्नियनने २०१६ ला रेंजर्सना ३-२ ने हरवलं, डेव्हिड ग्रेचा गोल भरपाई वेळेत. आधीचा कप १९०२ चा. आणि बिल्बाओ! अ‍ॅथलेटिकने एप्रिल २०२१ मध्ये दोन आठवड्यांत दोन फायनल हरल्या (एक आदल्या वर्षीची, कोविडमुळे लांबलेली). तीन वर्षांनी मायोर्काला पेनल्टीवर हरवून कोपा घेतला, १९८४ नंतर पहिला. मग 'गाबारा' नावाच्या जुन्या मालवाहू नावेत संघ उभा राहिला आणि नदीच्या दोन्ही काठांवर लाखो लोक. ती दृश्यं शोधून पूर्ण बघा, घाईने पुढे ढकलू नका.

उलट उदाहरणही वहीत असू द्या. विगनने ११ मे २०१३ ला एफए कप जिंकला आणि तीनच दिवसांनी प्रीमियर लीगमधून खाली गेला. विगनवाला भेटला तर 'कप हवा होता की लीगमधली जागा?' एवढं विचारा आणि गप्प बसा. हिशेबाने जागाच मोठी. मी असते तर कप म्हणाले असते, पण पगार क्लबकडून घेणाऱ्यांचं उत्तर वेगळं असणार आणि त्यात खोटं काही नाही.

फायनलबद्दल फार सांगण्यासारखं नाही. इथवर आलात तर ती आपसूक बघाल. फक्त शिट्टीनंतर टीव्ही बंद करू नका. हरलेल्या बाजूचे किती लोक चषक देईपर्यंत थांबतात, तेही चौथ्या रकान्यात लिहा.

तुमचा क्लब आधीच बाहेर पडला तर ज्याने हरवलं त्याच्या मागे लागा. याचीच लांब आवृत्ती मला सगळ्यात आवडते. ऑगस्टमध्ये होणाऱ्या एफए कपच्या एक्स्ट्रा प्रिलिमिनरी फेरीची, म्हणजे अगदी पहिल्या फेरीची, यादी आली की कधीही न ऐकलेल्या दोन क्लबांचा एक सामना निवडा. जिंकेल तो तुमचा. तो हरला की त्याला हरवणारा तुमचा. असं करत गेलात की मे महिन्यात कुठल्यातरी फायनलिस्टपाशी पोचता, आणि वाटेत ज्यांची नावं नकाशात शोधावी लागली असे क्लब वहीत जमतात. भाऊ सध्या म्हणतोय की हा पोरखेळ आहे. यादी आली की त्यालाही एक सामना निवडायला लावणार आहे.