पूर्व आफ्रिकेत दोन वर्षं स्वयंसेवक म्हणून जाताना बॅग कशी भरावी

घरचे मोठ्या मायेनं जे बांधून देतात, त्यातलं बरंचसं तिकडे मिळतं. जे मिळत नाही ते मात्र शेवटपर्यंत कोणाला आठवत नाही. नर्स, शिक्षक, शेतीचा पदवीधर किंवा पाणीपुरवठ्याचा इंजिनिअर म्हणून केनिया, युगांडा, टांझानिया, मलावी, झांबियाकडे निघालेल्या आपल्या वर्धा-यवतमाळ-गडचिरोलीकडच्या पोरापोरींसाठी हे लिहिलं आहे. ज्वारी, मका, फल्लीदाणे, मूग, चवळी, कांदे-टमाटर तिकडच्या बाजारात असतात. नैरोबी, कंपाला, दार-ए-सलाम इथं भारतीय किराणाही मिळतो. म्हणून धान्य आणि पीठ नेऊ नका. पिठाला वाटेतच टोके लागतात. अख्खं बी-बियाणं तर बहुतेक देशांत परवान्याशिवाय नेताच येत नाही, मग ते आजीनं जपलेलं वालाचं का असेना.

दोन महिने आधीपासून

पासपोर्टची मुदत पोहोचायच्या तारखेपासून किमान सहा महिने हवी. दोन वर्षांसाठी जाताय, तर किमान अडीच वर्षांची असू द्या, म्हणजे परदेशात नूतनीकरणाची धावपळ होणार नाही. पिवळ्या तापाची लस फक्त सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि तिथंही ठरलेल्या दिवशीच देतात, कारण एका कुपीत अनेकांचे डोस असतात आणि औषध कालवलं की काही तासांत संपवावं लागतं. लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं आणि ते आता आयुष्यभर चालतं. प्रमाणपत्रावरचं नाव आणि पासपोर्ट नंबर तिथंच, खुर्चीवरून उठायच्या आधी, अक्षर न् अक्षर ताडून घ्या. केनिया-युगांडासारख्या देशांतून परत येताना हे पिवळं पुस्तक नसेल, तर भारताच्या विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलग ठेवू शकतात.

मलेरियाबद्दल एक गैरसमज आधी काढून टाका. गडचिरोली-गोंदियाकडे लहानपणी हिवताप येऊन गेला म्हणून तिकडे संरक्षण मिळत नाही. तिथला मलेरिया बहुतांशी फाल्सिपेरम जातीचा, जीवघेणा. क्लोरोक्विन त्याच्यावर चालत नाही. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानंच ठरवा. डॉक्सिसायक्लिन असेल तर रोज एक, निघायच्या एक-दोन दिवस आधी सुरू करायची आणि त्या भागातून बाहेर पडल्यावरही चार आठवडे चालू ठेवायची. ती घेताना उन्हानं कातडी लवकर भाजते, म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे आणि टोपी लागतेच.

दात तपासून घ्या. चष्मा असेल तर दोन न्या आणि नंबराचा कागदही सोबत ठेवा. बीपी-शुगरच्या गोळ्या किमान तीन महिन्यांच्या, मूळ पाकिटातच न्या. चिठ्ठी इंग्रजीत, औषधाच्या मूळ नावासह लिहून घ्या. ट्रामाडॉल किंवा कोडीन असलेली खोकल्या-दुखण्याची औषधं सोबत नेऊ नका, विशेषतः विमान आखाती देशातून जाणार असेल तर.

खाण्याचं काय न्यायचं

मसाला न्या. तिकडच्या जेवणात तिखट जवळपास नसतंच. एका माणसाला वर्षाला भिवापुरी तिखट एक किलो, हळद पाव किलो आणि काळा मसाला अर्धा किलो पुरतो. जवसाची चटणी कोरडी आणि नीट भाजलेली असेल तर दोन-तीन महिने टिकते. नंतर तेल खवट होतं, म्हणून तीही पाव किलोच. मुगवड्या हलक्या असतात, वर्षभर टिकतात आणि भाजी नसेल त्या दिवशी जेवण होऊन जातं. त्या मात्र मनसोक्त घ्या.

सावजी मसाला घेताना जपा. त्यात खसखस असते, आणि संयुक्त अरब अमिरातीत खसखस अमली पदार्थांत मोजतात. दुबई-शारजामार्गे तिकीट असेल तर थोडीशीही नको. मसाला घरी कुटत असाल तर खसखस न घालता वेगळा कुटा. खर्रा आणि पान इथंच सोडा. खोबऱ्याच्या वाट्या तेलामुळे पेट घेतात म्हणून विमानतळावर काढून ठेवतात. खोबरं भाजून मसाल्यातच कुटून टाका. लोणचं हातातल्या बॅगेत चालत नाही, आणि मोठ्या बॅगेत फुटलं तर सगळे कपडे जातात.

पॅकिंग प्लास्टिकच्या पिशव्यांत करायची आपली सवय इथं मोडावी लागते. केनियात 2017 पासून, टांझानियात 2019 पासून कॅरिबॅगवर बंदी आहे आणि प्रवाशांच्या सामानालाही ती लागू आहे. मसाला स्टीलच्या किंवा जाड झाकणाच्या डब्यात भरा, झाकणाला चिकटपट्टी लावा, डबा सुती कापडात गुंडाळा. मांडे-पुरणाला वापरतो तसलं जुनं मऊ धोतर यासाठी उत्तम.

कुकर

बॅगेतली सगळ्यात कामाची वस्तू ही. नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे 1,800 मीटरवर आहे. एवढ्या उंचीवर पाणी 94 अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून उघड्या भांड्यात डाळ आणि राजमा शिजता शिजत नाही आणि कोळसा मात्र जळत राहतो. साधा तीन लिटरचा ॲल्युमिनियमचा कुकर घ्या. त्याच मापाच्या दोन जादा रिंगा, दोन सेफ्टी व्हॉल्व्ह आणि एक शिट्टी ज्या दुकानातून कुकर घेतला तिथूनच, बसवून पाहून घ्या. रबर वर्षभरात ताठरतं आणि वाफ बाजूनं सुटते. तिकडे दुसऱ्या मापाची रिंग मिळाली तरी ती बसत नाही, आणि सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी स्क्रू ठोकणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण. शेगडीवर ठेवताना निखारे मध्ये ओढा, नाहीतर दांड्याचं प्लास्टिक तडकतं. बॅग भरताना कुकरच्या पोटात मोजे आणि मसाल्याचे छोटे डबे बसवा आणि तो वरच्या थरात ठेवा. स्कॅनरला तो भरीव धातू दिसतो, त्यामुळे बॅग उघडायला लावली तर सगळं उपसावं लागणार नाही.

कपडे

चंद्रपूरच्या 46 अंशांतून निघताना आफ्रिकेत थंडी वाजेल असं कोणाला वाटत नाही. पण उंचावरच्या गावांत जून-जुलै-ऑगस्टमध्ये रात्री दहा-बारा अंशांवर येतात. एक चांगला स्वेटर, एक वाऱ्याचं जॅकेट आणि कानटोपी घ्याच. बाकी सुती, फिक्या रंगाचे, इस्त्री सोसणारे कपडे घ्या. दोरीवर किंवा गवतावर वाळत घातलेल्या ओलसर कपड्यांवर तिथली एक माशी अंडी घालते आणि अळी कातडीत शिरते. म्हणून अंतर्वस्त्रांसकट प्रत्येक कपड्याला दोन्ही बाजूंनी गरम इस्त्री फिरवायची. नायलॉन आणि लेसचे कपडे ती सोसत नाहीत.

पोलीस-सैन्यभरतीची तयारी करणाऱ्यांकडे मिलिटरी छापाची पँट किंवा टी-शर्ट असतो. युगांडा-झांबियात सामान्य माणसाला तसला कपडा कायद्यानं मना आहे, तो घरीच राहू द्या. मुलींनी सलवार-कमीज निःशंक न्यावी, गावांत ती आदरानं बघितली जाते. अंतर्वस्त्रं आणि आपल्या मापाची पादत्राणं मात्र दोन वर्षांचा हिशेब करून घ्या. कापडी पॅड किंवा मासिक पाळीचा कप नेला, तर दर महिन्याची शोधाशोध वाचते.

वीज आणि पैसा

तिकडच्या सॉकेटला तीन चौकोनी पिना लागतात. चार ॲडॅप्टर घेण्यापेक्षा एक मजबूत ॲडॅप्टर आणि आपला चार सॉकेटचा एक्स्टेन्शन बोर्ड न्या. त्यावर इस्त्री किंवा किटली लावू नका, फक्त फोन आणि लॅपटॉप. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवायची. 20,000 एमएएचची म्हणजे 74 वॅट-तासांची, ती चालते. डॉलर घेताना 2013 नंतरच्या मालिकेच्या, न दुमडलेल्या नोटा मागून घ्या. जुन्या किंवा मळक्या नोटा अनेक ठिकाणी परत करतात.

घरची कामंही याच यादीत धरा. मोबाईल नंबरचं आंतरराष्ट्रीय रोमिंग निघायच्या आधी सुरू करून घ्या, नाहीतर बँकेचा ओटीपी येत नाही. सातबारा तुमच्या नावावर असेल तर ई-पीक पाहणी, पीककर्ज आणि विम्यासाठी भावाच्या किंवा बापाच्या नावानं मुखत्यारपत्र नोंदवून द्या.

वजन

बहुतेक तिकिटांवर 23 किलोच्या दोन बॅगा आणि हातात सात किलो असतं. तुमच्या तिकिटावर काय लिहिलंय ते वाचा. रिकामी बॅगच तीन-चार किलोंची असते, हे विसरून भरली की विमानतळावर जमिनीवर पसारा मांडावा लागतो. गावातल्या किराणा दुकानदाराच्या धान्याच्या काट्यावर तोला आणि 22 किलोंवर थांबा. कागदपत्रं, गोळ्या, चष्मा, एक जोडी कपडे आणि लसीचं पुस्तक हातातल्या बॅगेत. मोठी बॅग दोन दिवस उशिरा आली तरी काम अडू नये. मुंबईहून विमान असेल तर विदर्भ किंवा सेवाग्राम एक्सप्रेस एक दिवस आधीची धरा, पावसाळ्यात तर नक्कीच.