ठिबकची गळती दुरुस्त करताना या चुका टाळा

दसरा झाला, पावसाने पाठ फिरवली, की पुण्यातल्या गच्च्यांवर ठिबक पुन्हा सुरू होते आणि त्याच आठवड्यात गळतीही सुरू होते. चार महिने नळ्या नुसत्या पडून असतात. कॉक उघडला की कुठला तरी जोड फटकन सुटतो, जास्वंदीच्या कुंडीत कारंजं उडतं आणि खालच्या मजल्यावरून निरोप येतो, "अहो, आमच्या छताला ओल आलीये."

सहकारनगरमध्ये आमच्या गच्चीवर आणि अंगणात मिळून ऐंशीएक कुंड्या ठिबकवर आहेत. आमची ठिबक सांभाळता सांभाळता नात्यातल्या आणि शेजारच्या बऱ्याच घरांची दुरुस्तीही मी करत गेले. सगळीकडे एक गोष्ट सारखी दिसली. माणसं भोक बुजवतात, पण ते भोक का पडलं, जोड का सुटला, हे बघत नाहीत. मग महिन्याभरात दोन हात पलीकडे दुसरा जोड सुटतो.

दाब न बघता जोड बदलत बसणं

आमच्याकडे कढीपत्त्याच्या कुंडीजवळचा जोड पहिल्याच वर्षी दोन वेळा निघाला. पहिल्यांदा मी जॉइनर, म्हणजे नळीचे दोन तुकडे जोडणारा प्लास्टिकचा जोड, बदलला. दुसऱ्यांदा त्यावर तार पिळून घट्ट केली. तारेने तो जोड टिकला, पण त्याच लाइनच्या टोकाची कॅप उडाली आणि पाणी रात्रभर वाहिलं. शेवटी एका रविवारी सगळे ड्रिपर, म्हणजे कुंडीत थेंब थेंब पाणी सोडणाऱ्या बारीक तोट्या, एकेक करून काढून बघितले, तर निम्म्यांच्या तोंडाशी पांढरा क्षार धरला होता. आमचं पाणी बोअरचं. ज्यांनी ठिबक बसवून दिली त्यांनी नळी थेट बाथरूमच्या प्रेशर पंपाच्या लाइनला जोडली होती, मध्ये दाब कमी करणारा रेग्युलेटर नाही. पाण्याला बाहेर पडायला वाट कमी आणि मागून पंपाचा रेटा. सुटला तो त्या नळीतला सगळ्यात कच्चा जोड, कढीपत्त्याजवळचा.

म्हणून दुरुस्तीला बसण्याआधी आपल्याकडे दाब किती आहे ते माहीत करून घ्या. हिशेब सोपा आहे. टाकीतल्या पाण्याची पातळी नळीपेक्षा दहा मीटर उंच असेल तर साधारण १ किलो (दर चौरस सेंटीमीटरला) दाब मिळतो. घरगुती ड्रिपर बहुतेक करून याच एक किलोच्या आसपास चालायला बनवलेले असतात. गच्चीवरच टाकी असेल आणि ती कुंड्यांपेक्षा दोन मीटर वर असेल, तर दाब जेमतेम ०.२ किलो. तिथे जोड सहसा आपोआप सुटत नाहीत. गळत असेल तर कापाचं, उन्हाचं किंवा खारी-उंदरांच्या दाताचं कारण शोधा. दुमजली बंगल्याच्या अंगणात सात-आठ मीटरचा उतार मिळतो, तो ठिबकला अगदी मानवतो. पण दहा मजली सोसायटीत वरच्या टाकीची लाइन खालच्या बागेला दिली असेल, तर पंप नसतानाही दाब ३ किलोच्या घरात जातो. त्यात रात्री इमारतीत कोणी नळ उघडत नाही, तेव्हा तो पूर्ण दाब नळीवर येतो. बागेच्या गळत्या पहाटेच का सापडतात, त्याचं एक कारण हे आहे. अशा ठिकाणी रेग्युलेटर बसवल्याशिवाय जोडांना हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दाब मोजायला गेज नसेल तरी चालतं. औषधाच्या मापाचा पेला ड्रिपरखाली बरोबर एक मिनिट धरा. ताशी ४ लिटरच्या ड्रिपरमधून मिनिटाला सुमारे ६७ मिली पाणी यायला हवं, २ लिटरच्या ड्रिपरमधून ३३ मिली. चार लिटरवाल्यातून १०० मिली आलं तर पाणी दीडपट आहे, पण दाब सव्वादोन पट झालेला असतो, कारण साध्या ड्रिपरमध्ये पाणी दाबाच्या वर्गमुळाने वाढतं. दाब स्वतः सांभाळणाऱ्या पीसी ड्रिपरला हे गणित लागू नाही. मोजायला मधला एखादा ड्रिपर घ्या आणि मग शेवटचा घ्या. दोघांत फार फरक असेल तर मध्ये कुठेतरी गळतंय किंवा तुंबलंय.

नळीला गोंद लावणं

ठिबकची काळी नळी पॉलिथिनची असते. तिच्यावर बोट फिरवलं की मेणचट लागते. त्या पृष्ठभागाला झटपट गोंद, इपॉक्सी, पीव्हीसीचं सोल्युशन, काहीही धरत नाही. वाळल्यावर घट्ट वाटतं, पाणी सोडलं की पापुद्र्यासारखं सुटून येतं. सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळली तर एक-दोन दिवस निभावतं, गावाला जायच्या सकाळी मीही केलंय. पण ती पट्टी कायमची समजू नका. चिरलेला भाग दोन्ही बाजूंनी बोटभर जास्त कापून टाका आणि तिथे जॉइनर घाला. एवढा एकच उपाय टिकतो.

कापताना भाजीची कात्री वापरू नका. तिने नळी चेपते, तोंड अंड्यासारखं लांबट होतं आणि एका बाजूने झिरपत राहतं. धारदार ब्लेडने किंवा पाइप कटरने काटकोनात कापा.

मग जॉइनर घालताना दुसरी चूक होते. नळी कडक असते, जोर लावून बोटं दुखतात, म्हणून लोक मेणबत्तीवर किंवा लायटरवर ती शेकतात. ज्योतीने नळीची कड पातळ होते, चकाकायला लागते आणि पहिल्या उन्हाळ्यात नेमकी तिथेच फाटते. त्याऐवजी चहाच्या पातेल्यात उकळलेलं पाणी गच्चीवर न्या. नळीचं टोक त्यात दहा-पंधरा सेकंद बुडवा, झटकून पुसा आणि जॉइनर किंचित पिळत आत ढकला. जॉइनरवरच्या कडा एकेक करून आत जाताना बोटांना जाणवतात. मधल्या उंचवट्याला नळी टेकली की थांबा. नळी गार झाली की स्वतःच आवळून बसते. तेल किंवा ग्रीस लावलं तर ती आत जाते तितक्याच सहज बाहेरही येते.

तापवलेल्या खिळ्याने भोक पाडणं

ड्रिपरसाठी नळीला भोक पाडायला स्वस्तातला पंच मिळतो, तोच वापरा. खिळ्याने प्लास्टिक वितळतं, भोकाची कड जाड आणि वेडीवाकडी होते, ड्रिपरच्या मानेला ती नीट बिलगत नाही. पंच दाबताना नळी गार असू द्या. भर दुपारी तापलेल्या नळीला पाडलेलं भोक पसरट होतं. भोक वरच्या अंगाला किंवा बाजूला घ्या, खाली नको, कारण गाळ तळाशी बसतो आणि तोच ड्रिपरमध्ये शिरतो.

एकदा ड्रिपर काढला की ते भोक सैल झालं असं धरून चाला. तिथे डमी ठोका आणि दोन बोटं सोडून नवीन भोक पाडा. डमी म्हणजे भोक बुजवायचं छोटं बुच. डझनभर डमी घरात कायम असू द्यात. जुन्याच भोकात ड्रिपर पुन्हा खुपसून त्याभोवती टेप गुंडाळणारे फार भेटतात. तो ड्रिपर बाजूने थेंब थेंब गाळतच राहतो. सेकंदाला एक थेंब म्हटलं तरी दिवसाला चार लिटरच्या वर पाणी जातं.

जिथे गळतच नाही तिथे दुरुस्ती

कॉक बंद केल्यावरही पाच-दहा मिनिटं एखाद्या कुंडीत पाणी ठिबकत राहतं. लोकांना वाटतं कॉक गळतोय, मग तो बदलून आणतात. बहुतेक वेळा ती गच्चीच्या उतारावरची सगळ्यात खालची कुंडी असते. १६ मिमीच्या दहा मीटर नळीत दीड लिटर पाणी मावतं, ते उतरायला कुठेतरी वाट शोधणारच. अर्ध्या तासाने पुन्हा बघा. तेव्हाही ठिबकत असेल तर कॉक तपासा.

आटे आणि टेप

टायमर किंवा फिल्टर जिथे रबरी वॉशरवर बसतो तिथे टेफ्लॉन टेपची गरज नाही. टेप जाड झाली की वॉशर नीट टेकत नाही. तिथे वॉशर वाळून कडक झालाय का ते बघा. वॉशर नसलेल्या जोडावर टेप लावायची, आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या दिशेने तीन-चार वेढे. प्लास्टिकचा जोड पान्याने आवळू नका, हातानेच. तडा बाहेरून दिसत नाही, पण थेंब येतच राहतो.

नळी ताणून बसवणं

पुण्याचा एप्रिल-मे आणि पुण्याची डिसेंबरची पहाट यात नळीची फार ओढाताण होते. काळी नळी उन्हात हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. पॉलिथिन चाळीस अंशांच्या फरकात दर दहा मीटरला सात-आठ सेंटीमीटर आखडतं. दुपारी ताणून बसवलेली नळी थंडीत टोकाचे जोड ओढून काढते, आणि आपण म्हणतो "काल तर नीट होतं." नळी कुंड्यांमधून थोडी नागमोडी सोडा. जाड बुंध्याला किंवा कठड्याला सैल बांधा, तारेने करकचून नको.

खारीला दोष देऊन थांबणं

सहकारनगरला पर्वती-तळजाईची झाडी जवळ असल्याने आमच्याकडे खारी भरपूर. नळीवर शेजारी शेजारी दोन बारीक खोबणी दिसल्या की ते खारीचे किंवा उंदराचे दात समजावेत, सुरीचा काप तसा दिसत नाही. फेब्रुवारीपासून आजूबाजूला पाणी आटतं आणि हे वाढतं. आम्ही गच्चीच्या दोन कोपऱ्यांत पसरट मातीच्या थाळ्या भरून ठेवायला लागल्यापासून कुरतडणं बरंच कमी झालं. चिमण्याही येतात, तो आनंद वेगळाच. ज्या जागी वारंवार कुरतडतात तिथे नळी वायरिंगच्या पीव्हीसी पाइपमधून न्या. अंगणात नळी मातीत पुरण्याचा सल्ला मात्र मी देणार नाही. घुशी खालून खातात आणि गळती वर दिसेपर्यंत लिंबाच्या मुळाशी चिखल झालेला असतो.

फिल्टर विसरणं

आपल्याकडे देखभालीसाठी गुरुवारी पाणी बंद राहतं आणि "शुक्रवारी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल" ही सूचना सगळ्यांना पाठ आहे. पाइपात बसलेला गाळ पुन्हा आलेल्या पाण्याबरोबर हलतो आणि सुरुवातीचं पाणी गढूळ येतं. ते पाणी ठिबकला देऊच नका. शनिवारी फिल्टरची जाळी काढून जुन्या टूथब्रशने धुवा. टँकरचं पाणी टाकीत घेतलं असेल तर त्याच दिवशी धुवा. १२० मेशची (इंचाला १२० छिद्रांची) जाळी घरच्या बागेला पुरते. जाळी फाटली असेल तर ती बदला. फाटकी जाळी असून नसल्यासारखीच.

बोअरच्या क्षारासाठी ड्रिपर काढून पांढऱ्या व्हिनेगरमध्ये रात्रभर टाका. बारीक बुडबुडे येतात, सकाळी टोचणीशिवाय तोंड मोकळं होतं. सुई घालून भोक साफ केलंत तर ते मोठं होतं आणि ती कुंडी कायम जास्त पाणी पिते. शेतावर नळीतून अॅसिड सोडतात, पण घरी लहान मुलं, मांजरं आणि खाण्याची भाजी असताना मी त्या वाटेला जात नाही.

आणि दसऱ्यानंतर पहिल्यांदा पाणी सोडताना प्रत्येक लाइनचं शेवटचं टोक उघडं ठेवा. पावसाळ्यात मायक्रो ट्यूबमध्ये, म्हणजे कुंडीकडे जाणाऱ्या बारीक नळ्यांत, मुंग्या घर करतात, मुख्य नळीत शेवाळ धरतं. टोक बंद ठेवून कॉक उघडला की ही सगळी घाण ड्रिपरमध्ये दाबली जाते आणि मग कढीपत्त्याजवळचा जोड सुटतो. स्वच्छ पाणी येईपर्यंत वाहू द्या. ते बादलीत धरून अंगणातल्या झाडांना घाला. मग मागच्या लाइनपासून एकेक टोक दुमडून आठच्या आकड्यासारख्या कडीत अडकवा आणि प्रत्येक टोक बंद केल्यावर दोन मिनिटं उभं राहून त्या लाइनवरून हात फिरवा. ओला हात लागला तिथे खडूने खूण करा, दुरुस्ती नळी रिकामी झाल्यावर.

सामान रविवार पेठेतल्या बोहरी आळीत सुटं मिळतं. नळी घेताना तिच्यावर आयएस १२७८६ छापलंय का बघा. जॉइनर आणि ग्रोमेट (जोडात बसणारी रबरी कडी) घेताना जुन्या नळीचा वीतभर तुकडा बरोबर न्या आणि दुकानातच घालून बघा, कारण बाहेरून १६ मिमीच्या असल्या तरी सगळ्या नळ्यांचं आतलं माप सारखं नसतं.