रोवणी झाली की नवं नाटक मागवा

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यात, नाटकांचा सीझन भाऊबीजेच्या सुमारास लागतो आणि होळीच्या आसपास आटोपतो. या दिवसांत गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशात नाटक मंडळाच्या ऑफिसात कुणी नवा लेखक वही घेऊन आला, तर त्याचं ऐकायला कुणाला सवड नसते. गाडी निघायची असते, रात्री कुठल्या गावच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, स्टेज लागलंय ते बघायचं असतं. वही खणात जाते, लेखक वाट पाहत राहतो. मी मंडळात आईच्या भूमिका करते आणि पावसाळ्यात आलेल्या संहिता वाचते. मंडळांना माझं पहिलं सांगणं हेच, की संहिता रोवणी, म्हणजे धानाची लावणी, झाल्यावर मागवा. लिहिणाराही बहुतेक शेतीवालाच असतो. शेवटची तारीख पोळा ठेवा, वाचन गणपतीत करा आणि घट बसायच्या आधी प्रत्येकाला उत्तर द्या.

मागवताना एक पानभर माहिती सोबत द्या. नवं नाटक परत जातं ते बहुतेकदा लेखणी कमी पडली म्हणून नाही, आपलं स्टेज लेखकाला ठाऊक नसतं म्हणून. रात्री दहा-अकराला पडदा उघडतो आणि उजाडेपर्यंत नाटक चालतं, हे लिहा. मंडळात स्त्री कलावंत किती, रंगवलेले पडदे कोणकोणते, गाणी कोण गाऊ शकतं, तेही लिहा. नायिकेला साडी बदलायला वेळ लागतो, तेवढ्यात विनोदी जोडीचा प्रवेश हवा. ही गोष्ट बाहेरून कुणाला कळत नाही, आपणच सांगायला पाहिजे.

झाडीबोलीत लिहा, हे तर ठळक अक्षरात सांगा. नवीन पोरं-पोरी घाबरून पुस्तकी मराठी लिहितात आणि बोली फक्त विनोदी गड्याच्या तोंडी देतात. म्हणजे गावासारखं बोलणारा माणूस हसण्यापुरताच! माझ्या वाट्याला आलेल्या कितीतरी आया शहरातल्यासारख्या रडतात. समोर बसलेली बाई धान कापून आलेली असते. स्टेजवरची आई तिच्या बोलीत भांडली, तिच्या बोलीत पोराला समजावू लागली, की ती कशी सरसावून बसते ते मी स्टेजवरून पाहिलंय. असं लिहिणारा कुणी आला तर बाकीच्या चुका दुरुस्त करता येतात. त्याला सोडू नका.

संहिता एकट्या मालकाने घरी वाचून ठरवू नये. मोठ्याने वाचन करा. लेखकाला बोलवा, पेटीवाला, तबलजी, दिग्दर्शक बसवा, शेजारच्या चार बायका बसवा, आणि दरवर्षी नाटक घेणाऱ्या एखाद्या गावमंडळाचा माणूसही. वाचायला प्रॉम्प्टरला द्या, कारण वाक्य कुठे अडखळतं ते त्याच्या जिभेला आधी कळतं. दुसरा अंक मात्र रात्रीच वाचा, जेवणं झाल्यावर, उशिरा. प्रयोगात तो मध्यरात्रीनंतर पुसाच्या थंडीत येतो आणि लोक गोधड्या पांघरून खाली बसलेले असतात. वाचन संपलं की "कसं वाटलं" असं विचारू नका, सगळे चांगलंच म्हणतात. "कुठे उठून जावंसं वाटलं" ते विचारा, आणि आधी बायकांना विचारा.

नकार असेल तर कारणासकट सांगा, समोर बसवून. कोणता प्रवेश आवडला तेही सांगा आणि वही परत करा. झेरॉक्स ठेवली असेल तर तारीख घालून तशी पोच द्या.

नाटक घेतलं तर कागद करा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क लिहून आणि सही करूनच दुसऱ्याकडे जातो, तोंडी नाही. कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि कुठवर चालेल ते लिहिलं नसेल तर अख्खा भारत धरतात. म्हणून किती सीझन, प्रयोगामागे किती पैसे, यूट्यूबवर टाकायचं की नाही, हे वेगवेगळं लिहा. संहिता तपासणाऱ्या सरकारी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र नाटक मंडळाने आपल्या खर्चाने काढावं. पोस्टरवर लेखकाचं नाव नायकाच्या नावाइतकंच वाचता आलं पाहिजे.

पहिला प्रयोग मोठ्या शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, रात्री लावू नका. गावमंडळाने पैसे गुंतवलेले असतात, पाहुणे आलेले असतात, नाटक पडलं तर नुकसान त्यांचं होतं. लहान मंडई, म्हणजे गावची जत्रा, असलेलं जवळचं गाव बघा, नाटक नवं आहे हे उघड सांगा, दर कमी करा. लेखकाला विंगेत नाही, प्रेक्षकांत मागे बसवा. दोन-तीन प्रयोगांनंतर काटछाट करा, पण त्याला घेऊनच.

ज्याचं नाटक घेता आलं नाही पण ज्याच्या लिहिण्यात जीव आहे, त्याला एक सीझन प्रॉम्प्टिंगला सोबत न्या. रोज रात्री दुसऱ्याचे संवाद पुरवताना प्रवेश कसा बांधतात ते त्याच्या अंगवळणी पडतं. गाडीत जागा, जेवण आणि रोजची नाईट, म्हणजे रात्रीच्या कामाचे पैसे, आधीच ठरवून द्या. शिकायला आलाय म्हणून फुकट राबवू नका.