टॉलेमी अडाणी नव्हता: विश्वाच्या मॉडेलांची गोष्ट सांगताना या चुका टाळा

पूर्वी लोक पृथ्वीला मध्यभागी मानत, मग सूर्य मध्यभागी मानणारा कोपर्निकस आला आणि सगळ्यांचे डोळे उघडले. मीही ही गोष्ट कित्येक वर्षं अशीच सांगायचो. पण ऐकणाऱ्याने "आधीच्यांना दिसत नव्हतं का?" एवढं विचारलं, की तिची हवाच निघून जाते.

तर पहिली चूक जुन्यांना अडाणी ठरवण्याची. चंद्रग्रहणातली सावली गोल दिसते, त्याअर्थी पृथ्वी गोल आहे, हे ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातच मांडलं होतं. पृथ्वी मध्यभागी मानणारा खगोलशास्त्रज्ञ टॉलेमी, त्याची अडचण वेगळी होती. मंगळ ताऱ्यांमधून पूर्वेकडे सरकत असतो. साधारण 26 महिन्यांनी एकदा तो थबकतो, दोन-अडीच महिने उलटा चालतो आणि पुन्हा मार्गी होतो. हे वक्री होणं गणितात बसवायला टॉलेमीने इ. स. 150 च्या सुमारास ग्रहाला छोट्या वर्तुळावर, म्हणजे अधिवृत्तावर फिरवलं आणि त्या वर्तुळाचं केंद्र मोठ्या वर्तुळावरून नेलं. ग्रह कुठे दिसेल याचं उत्तर त्यातून बऱ्यापैकी बरोबर यायचं. चालणारं मॉडेल कोण कशाला टाकून देईल?

"कोपर्निकसमुळे गणित सोपं झालं" हेही बिनधास्त लिहू नका. 1543 च्या त्याच्या ग्रंथातही वर्तुळंच आहेत, छोटी वर्तुळंसुद्धा. भाकितं फारशी सुधारली नाहीत. त्याने काय साधलं, तर वक्री होण्याचं कोडं सोडवलं: पृथ्वी आतल्या कक्षेतून मंगळाला मागे टाकते, म्हणून तो मागे जाताना भासतो.

वर्तुळ खरं मोडलं केप्लरने, आणि इथे गोष्ट सांगताना जरा थांबायला हवं. आकाशनिरीक्षक टायको ब्राहेच्या मंगळाच्या नोंदींशी त्याने वर्तुळांचं गणित जुळवलं, तर फरक उरला 8 कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). पूर्ण चंद्राची रुंदी साधारण 30 कला. म्हणजे त्याच्या जेमतेम चौथ्या भागाएवढा फरक. दुसऱ्या कुणी हात झटकले असते. पण दुर्बिणीशिवाय घेतलेल्या असल्या तरी टायकोच्या नोंदी एवढ्या चुकणार नाहीत, याची केप्लरला खात्री होती. 1609 मध्ये त्याने मंगळाची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याचं जाहीर केलं.

सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे "गॅलिलिओने सूर्यकेंद्री मॉडेल सिद्ध केलं." 1610 मध्ये त्याला शुक्राच्या चंद्रासारख्या सगळ्या कला, म्हणजे कोरीपासून पूर्ण बिंबापर्यंतचे आकार दिसले; टॉलेमीच्या मॉडेलमध्ये ते सगळे दिसूच शकत नाहीत, म्हणून टॉलेमी बाद झाला, हे खरं. पण टायकोच्या मॉडेलमध्ये सूर्य पृथ्वीभोवती आणि बाकीचे ग्रह सूर्याभोवती फिरत; त्यातही शुक्र तसाच दिसतो. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, यावर टायकोचा आक्षेप प्रामाणिक होता. हात लांब करून अंगठा धरा आणि आलटून पालटून एकेक डोळा मिटा. अंगठा मागच्या भिंतीवर सरकतो. पृथ्वी फिरत असेल तर तारेही असे सरकायला हवेत, ते का सरकत नाहीत? सरकत होते, पण फार थोडे. हे सरकणं म्हणजे पराशय. 1838 मध्ये बेसेलने 61 सिग्नी या ताऱ्याचा पराशय मोजला: सुमारे 0.31 विकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग), म्हणजे पूर्ण चंद्राच्या रुंदीचा जवळजवळ सहा हजारावा भाग!

आर्यभटाला सूर्यकेंद्री म्हणण्याचा मोह आवरा. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, हे त्याने 499 मध्ये नावेतल्या माणसाचा दाखला देऊन सांगितलं. तेवढंही थोडं नाही. ग्रहांचं त्याचं गणित मात्र पृथ्वी मध्ये धरूनच होतं.

विसाव्या शतकात आल्यावर, विश्व प्रसरण पावतंय या शोधाचं सगळं श्रेय खगोलशास्त्रज्ञ हबलला देऊ नका. त्याच्या 1929 च्या निबंधाआधी, 1927 मध्येच बेल्जियन शास्त्रज्ञ लमेत्रने ते मांडलं होतं. आणि विश्वाच्या सुरुवातीच्या या कल्पनेला "महास्फोट" हे नाव दिलं तिच्याच विरोधकाने, हॉईल या खगोलशास्त्रज्ञाने, तेही रेडिओवर. त्या नावामुळे हमखास प्रश्न येतो, "स्फोट कुठे झाला?" रिकाम्या जागेत कुठेतरी बॉम्ब फुटल्याचं चित्र काढून उत्तर देऊ नका, अवकाशच ताणलं जातंय, त्यामुळे बोट ठेवावं असं केंद्रच नाही. 1965 मध्ये जाहीर झालेलं पार्श्वप्रारण, म्हणजे विश्वाच्या सुरुवातीच्या काळातून उरलेलं प्रारण, आकाशाच्या सगळ्या दिशांनी जवळपास सारखंच येतं, ते म्हणूनच.