पहिली मच्छरदाणी तापाच्या माणसाला

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात धानाची रोवणी सुरू झाली की हिवताप वाढतोच. आशा म्हणून घरोघर फिरताना मला एक गोष्ट हमखास दिसते. धडधाकट माणसं मच्छरदाणीत, आणि तापानं फणफणलेला माणूस पडवीत बाजेवर उघडा. आत गुदमरतं म्हणे! अहो, त्याला चावलेलाच मच्छर हिवतापाचे जंतू घेऊन जातो आणि दहा-बारा दिवसांनी दुसऱ्याला देतो. म्हणून पहिली मच्छरदाणी त्याला द्या. कडा चटईखाली नीट खोचा.

ताप आला त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. बोटाला टोचून थेंबभर रक्त किटवर घेतलं की २० मिनिटांत कळतं. फाल्सिपॅरम प्रकारचा हिवताप निघाला तर गोळ्या ३ दिवस, त्यात दुसऱ्या दिवशी प्रायमाक्विनचा एकच डोस. वायव्हॅक्स प्रकारचा असेल तर ३ दिवस क्लोरोक्विन आणि १४ दिवस प्रायमाक्विन. गोळी घेतल्यावर १५ मिनिटांच्या आत उलटी झाली तर थोडं थांबून पुन्हा द्यावी लागते, मला बोलवा.

खरी अडचण त्या १४ दिवसांची. तिसऱ्या दिवशी ताप उतरतो, माणूस बांधीत रोवणीला जातो आणि उरलेल्या गोळ्या वाशात खोचलेल्या राहतात. वायव्हॅक्सचे जंतू यकृतात दडून बसतात हो! ते महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा ताप आणतात, तेव्हा नवा मच्छर चावायचीही गरज नसते. मी दारामागे खडूनं १४ रेघा ओढून देते. गोळी पोटात गेली की एक रेघ पुसायची, हे काम घरातल्या पोराला द्या, ते विसरत नाही. गोळी जेवल्यावरच घ्या. गरोदर बाई आणि वर्षाच्या आतलं बाळ यांना प्रायमाक्विन चालत नाही. लघवी काळपट झाली तर गोळी बंद करून तडक आरोग्य केंद्रात जा.

औषधवाल्या मच्छरदाणीच्या धाग्यातच मच्छर मारायचं औषध असतं. नवी असेल तर वापरण्याआधी दिवसभर सावलीत पसरून ठेवा. धुवायची तर बादलीत, साध्या साबणानं, दगडावर न आपटता; वाळवायचीही सावलीतच. बोडीत, म्हणजे तळ्यात, धुऊ नका, त्या औषधानं मासे मरतात.

धान राखायला शेतावर झोपणाऱ्यासाठी वेगळी मच्छरदाणी ठेवा. घरची नेली की मागे लेकरं उघडी पडतात.