हँडल हललं की या चुका टाळा

कुकरचं हँडल डगमगायला लागलं की बहुतेक घरांत आधी फेविक्विक शोधलं जातं, नाहीतर एम-सील. दोन्हींची कामं वेगळी आहेत, गॅसजवळ त्यांचा भरवसा धरू नका. जोड तापून मऊ पडतो आणि वरणाचा कुकर उतरवताना हँडल हातात अन् कुकर खाली, असा प्रकार होतो. आधी बघा, सैल नेमकं काय झालंय? स्क्रू, स्क्रूचे आटे, की हँडलच तडकलंय?

नुसता स्क्रू सैल असेल तर भांडं पूर्ण गार झाल्यावर पिळा आणि घट्ट लागला की थांबा. आणखी एक पिळा देण्याचा मोह फार वाईट. काळी हँडलं बॅकेलाइटची असतात. लिओ बेकलँड यांनी 1907 मध्ये शोधलेलं हे प्लास्टिक एकदा साच्यात घट्ट झालं की परत वितळत नाही, पण जास्त ताण आला की तडकतं आणि जाळ लागला की करपून त्याचा भुगा पडतो. तडा गेलेलं हँडल कुणी जोडून देतो म्हणाला तरी नवीनच घ्या. पुन्हापुन्हा सैल होत असेल तर स्क्रूखाली स्प्रिंग वायसर टाकायला सांगा. आटेच गेले असतील तर जाड स्क्रू ठोकून बसवू नका.

नवीन घेताना ‘बसतंय की’ म्हणून दुसऱ्या कंपनीचं उचलू नका. बाहेरून झाकण लागणाऱ्या कुकरला वरचं आणि खालचं हँडल बरोबर एकावर एक यावं लागतं. लातूरच्या गंजगोलाईत जा की संभाजीनगरच्या गुलमंडीत, झाकण आणि जुना स्क्रू पिशवीत टाकूनच न्या. लिटर सांगून अंदाजाने आणलेलं हँडल हमखास परत करायला जावं लागतं.

तव्याचं दुखणं वेगळं. आपल्याकडे ज्वारीच्या भाकरीला जाळ मोठा लागतो. बर्नरची ज्योत तव्याच्या बाहेर आली की दांडी करपायला लागते. चुलीवर तर बॅकेलाइटची दांडी न्यायचीच नाही. तिथं बिनदांडीचा लोखंडी तवा आणि सांडशी, याला तोड नाही.

ॲल्युमिनियमच्या कढईचे कान हलतात ते बहुधा रिबिटमुळे, म्हणजे कान जोडणाऱ्या धातूच्या खिळीमुळे. हा धातू मऊ, त्यामुळे भोक हळूहळू मोठं होत जातं. घरी लोक कढई जमिनीवर ठेवून बाहेरून हातोडी मारतात. रिबिट तसंच राहतं, कढईला मात्र पोचा पडतो. रिबिटचं आतलं डोकं ऐरणीवर किंवा जाड लोखंडी ठोकळ्यावर टेकलं पाहिजे आणि घाव बाहेरच्या टोकावर बसला पाहिजे. भोक फारच ढिलं झालं असेल तर जुनं रिबिट काढून जाड घालावं, तेही ॲल्युमिनियमचंच. लोखंडी घातलं तर मिठाच्या पाण्याने त्या जागी धातू खाल्ला जातो.

पितळी पातेल्याची कडी निखळली असेल तर क्रम चुकवू नका. कल्हई कथिलाची असते आणि कथील 232 अंशांना वितळतं. कल्हई झाल्यावर कडीला डाख द्यायला नेलं की आतली कल्हई तिथंच उतरते आणि पैसे दोनदा जातात. कडी आधी, कल्हई नंतर.

नळाच्या मुठीचं म्हणाल तर बोअरचं पाणी तिचा खरा वैरी. क्षार साचून नळ जड फिरायला लागतो आणि लोक पान्ह्याने ओढून मूठ मोडतात. मूठ जड फिरत असेल तर मुख्य कॉक बंद करून आतला दांडा काढा, व्हिनेगरमध्ये अर्धा तास ठेवा, जुन्या ब्रशने घासा. मूठ मोकळी गरगर फिरते, पण पाणी बंद होत नाही? बहुतेक वेळा मुठीतले दाते झिजलेले असतात. नवीन आणताना दांडा सोबत न्या, सगळ्यांचे दाते सारखे नसतात.

ड्रॉवरच्या हँडलचं माप टोकापासून टोकापर्यंत घेऊ नका, दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर मोजा. बाजारात 96, 128, 160 मिलिमीटर अशी ठरलेली मापं मिळतात. लाकडी दाराच्या हँडलचा स्क्रू पकडत नसेल तर भोकात फेविकॉल लावलेल्या काड्यापेटीच्या काड्या गच्च भरा, गुल आधी मोडून टाका. रात्रभर वाळू द्या, मगच स्क्रू पिळा.