राधानगरी साईडला शेतावर दोन दिवस, अशी तयारी करा

भावांनो, शनिवारी सकाळी लवकरच कोल्हापूर सोडा, ऊसतोड चालू असली की ट्रॅक्टरमागं अडकायला होतंय. मटण आणि कांदा-लसूण चटणी इथनंच न्या. स्वयंपाक ज्याला येतोय त्याच्याकडंच द्या, पांढरा रस्सा मटण शिजवलेल्या अळणी पाण्यात करायचा आणि नारळाचं दूध घातलं की आच एकदम बारीक, सारखं हलवत राहायचं, जोरात उकळी आली की फाटलाच म्हणून समजा. रात्री बांधावरनं फिरताना बॅटरी, बूट पाहिजेतच, उसात साप असत्यात. दाजीपूरच्या जंगलाकडं जाताना गवा आडवा आला तर गाडी लांबच थांबवा, हॉर्न अजिबात नको. आणि येताना गुऱ्हाळ चालू दिसलं तर थांबाच, काहिलीतल्या (रस आटवायच्या मोठ्या कढईतल्या) गरम काकवीचा वास लई भारी!